एका बोटाचं बोलणं

भांडुपच्या टेंभीपाड्यात एके काळी सहदेव घाडीगावकरांना ओळखत नाही असं कोकणी घर सापडलं नसतं. कुणाची नवी जागा असो, पोरीचं लग्न ठरलेलं असो, कुणी पहिल्यांदा परदेशी निघालेलं असो, देवापुढे नारळ ठेवला की माणूस धावायचा तो घाडींना बोलवायला. गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. जन्म एलबीएस रोडवरच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला, यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय झालेली. त्यांनी "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली की वरच्या मजल्यावरच्या बायका गॅस बारीक करून गॅलरीत यायच्या आणि तिथूनच "व्हय म्हाराजा" म्हणायच्या.

लोकांचं देवाला सांगणारा माणूस. मालन लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, नवरा नुसता बोलघेवडा आहे. पुढे कळलं की गाऱ्हाणं म्हणजे बडबड नव्हे. ज्याच्यासाठी घालायचं त्याच्या मनात काय आहे ते आधी नीट काढून घ्यावं लागतं, मग ते देवाला कळेल अशा भाषेत मांडावं लागतं. सहदेव त्यात तरबेज होते. घरात मात्र त्यांच्या तोंडाला विसावा नसे. आमटीपासून राजकारणापर्यंत सगळ्यावर त्यांचं मत, आणि ते मत मालनला ऐकावंच लागायचं.

दुखणं आलं तेही जिभेवरच आलं. इमारतीच्या गणपतीत गाऱ्हाणं घालताना शब्द घसरायला लागले. लोक एकमेकांकडे बघून हसले. घाडींनी आज टाकलेली दिसते, असं कुणीतरी म्हणालं. मालनचा सुद्धा विश्वास उडाला. घरी आल्यावर तिने त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास कसलाच नव्हता. सहदेव नुसते तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवसाची आठवण झाली की मालनला देवघरासमोर बसवत नसे.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या तारा एकेक करून जळत चालल्यात. औषध नाही. आज जीभ, उद्या पाय, मग हात. "पण डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील," असं ते म्हणाले, जणू काही पेढेच वाटायची बातमी. मालनने हात जोडले. बाहेर आल्यावर सिद्धेशला म्हणाली, "सगळं गेलं आणि कळायचं तेवढं राहिलं, ह्यापेक्षा वाईट काय असतं रे?" सिद्धेश त्यांचा एकुलता एक. त्याने रिक्षाला हात केला.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे एकेक गेलं. आवाज पार गेला, पाय गेले, डावा हात गेला. हॉलमध्ये दवाखान्यासारखी खाट आली. उजवा हातही लाकूड झाला, पण त्या हाताचं पहिलं बोट तेवढं हलत राहिलं. का राहिलं ते देव जाणे. डॉक्टर म्हणाले, "आहे तोवर वापरून घ्या. हे किती टिकेल सांगता येत नाही."

वापरायचं कसं, ते मृणालिनीने दाखवलं. पवईला शिकत होती ती. तिला तिच्या अभ्यासासाठी असाच कुणीतरी माणूस हवा होता, आणि दवाखान्यातून तिला घाडींचा पत्ता मिळाला. बारीक चणीची, भरभर बोलणारी मुलगी. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने स्वतः बनवलेला एक प्रोग्रॅम बसवला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, आणि त्यांच्यावरून सरकत जाणारा एक पिवळा उजेड. सहदेवांच्या बोटाखाली बशीएवढं मऊ बटण. उजेड हव्या त्या ओळीवर आला की बटण दाबायचं, मग तो त्या ओळीतल्या अक्षरांवरून फिरतो, हव्या त्या अक्षरावर पुन्हा दाबायचं. मग काना, मात्रा, वेलांटी. असं करत करत वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलतो.

पहिलं वाक्य होईपर्यंत चहा निवून गेला. मालन पदर तोंडाला लावून उभी. इतक्या महिन्यांनी नवरा काय बोलेल? आपलं नाव घेईल? देवाचं घेईल? शेवटी कॉम्प्युटर बोलला, तोही बाईच्या आवाजात, एकेक शब्द ठोकून बसवल्यासारखा:

"काल आमटीत मीठ नव्हतं."

मृणालिनी हसायला लागली. मालनही हसली आणि हसता हसता रडली. "बरी सवत आणलीत घरात," ती म्हणाली. "आता दोघी मिळून माझ्या चुका काढा."

उजेड पुन्हा सरकू लागला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "ती गोड बोलते."

त्या वर्षी गणपतीत घाडींनी गाऱ्हाणं घातलं. सगळा श्रावण ते त्यासाठी लिहीत होते. प्रोग्रॅम त्यांची वाक्यं साठवून ठेवायचा, त्यामुळे आज अर्धं, उद्या अर्धं असं चालायचं. खालच्या मांडवात स्पीकर जोडला आणि बाईचा तो कोरडा आवाज म्हणायला लागला, "बा देवा म्हाराजा." पोरं फिदीफिदी हसली. मग म्हाताऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि दुसऱ्या वेळेपासून पोरांनीही म्हटलं. मालनच्या तोंडून मात्र एकदाही निघेना.

मृणालिनी शिक्षण संपवून परदेशी गेली. जाताना बजावून गेली, "काकू, हा प्रोग्रॅम ह्याच सिस्टीमवर चालतो. कुणी नवी टाकू म्हणालं तर आधी मला विचारा."

मालनने ते ऐकलं, पण सिस्टीम म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. तिला कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर. त्याच्यात आणखी एक बसलेलं असतं आणि ते जुनं होतं, हे पुढे कळलं.

घरात कॉम्प्युटर तो एकच. सिद्धेश विम्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करायचा. दुपारी जेवण झालं की तो खाटेच्या बाजूचं टेबल आपल्याकडे वळवून घ्यायचा, कानाला हेडफोन लावायचा, आणि दिवेलागणीपर्यंत "जी सर, जी मॅडम" चालायचं. सकाळ आणि संध्याकाळ बाबांची. दोघांची वाटणी भांडणाशिवाय झाली, असं या घरात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

मग कंपनीचं पत्र आलं. जुन्या सिस्टीमच्या कॉम्प्युटरवरून पुढच्या महिन्यापासून काम करता येणार नाही. चोरी होते म्हणे, माहितीची. नवी सिस्टीम टाका, नाहीतर लॉगिन बंद.

सिद्धेशने आईला स्वयंपाकघरात बोलावलं, नळ सोडला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

"मग दुसरा कॉम्प्युटर घे ना रे."

"कशावर घेऊ? बाबांचं चालू आहे तेच कसं चालवतोय ते मला माहीत. आता कर्ज काढायचं म्हटलं तर आधी नोकरी पायजे."

"आणि तो प्रोग्रॅम?"

"नव्या सिस्टीमवर चालेल बहुतेक. नाही चालला तर वाट लागली."

"त्या मुलीला विचार."

"नंबर लागत नाही तिचा. मेल टाकलाय. उत्तर नाही."

नळ वाहत होता. मालनने तो बंद केला, पाणी फुकट कशाला घालवायचं म्हणून. एवढं झालं तरी दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, की हॉलमध्ये जावं आणि ज्याचं बोलणं पणाला लागलंय त्यालाच विचारावं. की आलं होतं? मालनच्या मनात आलं होतं. पण तिने ते आतल्या आत दाबलं. ते नको म्हणाले तर? पोराची नोकरी जाईल. आणि हो म्हणाले तर ते ऐकायचं कुठल्या कानांनी? आजाऱ्याच्या जिवाला घोर नको, अशी तिने मनाची समजूत घातली. आजाऱ्याच्या घरात माणसं अशीच वागतात. दाराआड बोलतात आणि बाहेर येऊन हसतात. सहदेवांचे कान शाबूत होते, आणि स्वयंपाकघराची भिंत ती केवढीशी, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

पुढचे काही दिवस असेच गेले. सिद्धेश आज टाकू म्हणायचा, उद्या बघू म्हणायचा. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं. संध्याकाळी सहदेवांचा उजेड सरकायला लागला की तो खाली निघून जायचा. एकदा सहदेवांनी लिहिलं, "सिद्धेशला काय झालंय?" मालन म्हणाली, "काम फार पडतं हो." उजेड ओळींवरून फिरत राहिला. बोटाने त्यानंतर काही दाबलं नाही.

शेवटी मालनला आपल्याकडचा मार्ग आठवला. कुडाळच्या पुढे त्यांचं गाव, गावी रवळनाथ. अडलेल्या कामाला कौल लावायचा, ही रीत पिढ्यान् पिढ्यांची. पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात, गुरव प्रश्न मांडतो, आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर काम करावं, डावी पडली तर नको. मालनच्या लग्नाचाही कौल उजवा होता. त्यावर बोट ठेवावं असं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

तिने गच्चीवर जाऊन गुरवांना फोन लावला. म्हातारा माणूस, घाडींचा शाळासोबती. सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटरचा प्रश्न म्हणून हसला नाही. देवाला विहिरीचं विचारतात, म्हशीचं विचारतात, मग ह्याचं का नाही?

"कोणाच्या नावान लावचो कौल?" त्यांनी विचारलं.

"यजमानांच्या. घरचे कर्ते तेच."

"तेंका इचारलास मां, वयनी?"

मालन गच्चीच्या कठड्याला टेकली. खाली पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याची पीं पीं चालली होती. खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं, की नाही, विचारलं नाही.

"हो," ती म्हणाली. "विचारलंय."

फोन चालूच ठेवून गुरव गाभाऱ्यात गेले. गाऱ्हाणं तिला तुटक तुटक ऐकू आलं. "बा देवा म्हाराजा… मुंबैक ऱ्हवणारो तुझो लेक सहदेव… तेच्या घरात जो यंत्र आसा, तेच्यात नवा काय ता घालूचा मनात इला हा… घालूचा आसात तर उजवो कौल दी…" मालनने गच्चीवर एकटीनेच "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग नुसता घंटेचा विरत जाणारा नाद. कुठेतरी कोंबडा ओरडला.

"वयनी," गुरव म्हणाले, "उजवो दिलो देवान. गच्च उजवो."

मालन खाली आली ती हलकी होऊन. देवघरात निरांजन लावलं, सिद्धेशला साखर दिली. "टाक ती सिस्टीम," म्हणाली. "देव पाठीशी आहे." सिद्धेशचा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण कुणीतरी हो म्हणायला हवं होतं, ते मिळालं. त्याचा चेहरा खुलला. खाटेकडे जाऊन त्याने बाबांच्या केसांतून हात फिरवला. सहदेवांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मालनकडे. त्यांना सांगितलं काय? तर, "बाबा, कॉम्प्युटर जरा साफ करून घेतोय."

पुलाखालच्या दुकानातला नितेश आला. पाठीवर बॅग, कानात कायम एक गाणं. त्याने कॉम्प्युटर उघडून बघितला आणि नाक मुरडलं.

"हा लय जुना झालाय भाऊ. वरच्या वर टाकली ना नवी, तर रडत बसेल. फॉरमॅट मारूया. एकदम झकास होईल."

"पण ह्यातलं सगळं?"

"काढून घे ना. फोटो-बिटो, डॉक्युमेंट, जे काय असेल ते. सी ड्राइव्ह पूर्ण उडणार, आधीच सांगतो."

सिद्धेशने पेन ड्राइव्ह लावला. फोटो घेतले. आपल्या कामाची कागदपत्रं घेतली. आणि पडद्यावर जे पिवळ्या चौकटीचं चित्र होतं, ज्याच्यावर रोज सकाळी दोनदा टिचकी मारून तो बाबांचा प्रोग्रॅम चालू करून द्यायचा, ते चित्र उचलून अलगद पेन ड्राइव्हमध्ये ठेवलं. तिथेही ते तस्संच दिसलं. त्याने खात्री करून घेतली.

"घेतलंस सगळं?" नितेशने विचारलं.

"घेतलं."

नितेशने वायरी सोडवल्या. बटणाचीही सोडवली. ते बटण सहदेवांच्या बोटाखालून काढून त्याने खिडकीत ठेवलं, टेबल सरकवून घेतलं आणि कामाला लागला.

मालन खाटेशी बसली होती. तिने पाहिलं, सहदेवांचं बोट हलतंय. चादरीवर दाबलं जातंय, सुटतंय. थांबतंय. पुन्हा दाबलं जातंय. पडदा काळा होता, उजेड कुठेच नव्हता. तिला वाटलं, बोटाला रग लागली असेल. तिने ते आपल्या मुठीत घेतलं आणि खोबरेल लावून चोळलं.

"पाणी देऊ?" तिने विचारलं.

बोट तिच्या मुठीत दाबत राहिलं. तिने चमच्याने पाणी पाजलं. थोडंसं ओघळलं, ते पुसलं. मग बोट थांबलं.

नवी सिस्टीम बसली. पडदा कसा निळाशार, आरशासारखा झाला. सिद्धेशने कंपनीचं लॉगिन करून पाहिलं, लागलं. मालनने देवघराकडे बघून हात जोडले. मग त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि पिवळ्या चौकटीवर टिचकी मारली. काहीतरी इंग्रजीत आलं. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"ए नितेश, हे बघ रे. काय बोलतोय हा?"

नितेशने कानातलं गाणं काढलं. वाकून पाहिलं. "हा नुसता आयकॉन आहे, भाऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे दाराची बेल असते ना, ती तू काढून आणलीस. घर तिकडेच राहिलं. प्रोग्रॅम सी ड्राइव्हमध्ये होता."

"मग तिथून घे."

"तेच तर उडवलं ना," नितेश म्हणाला. सिद्धेश खुर्चीत बसला. "घे ना यार तिथून," तो पुन्हा म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता काही मागणं नव्हतं.

"मी विचारलं होतं तुला," नितेश म्हणाला. कॉम्प्युटर उचलून तो दुकानात घेऊन गेला. उडालेलं परत काढायचं काहीतरी असतं, ते त्याने करून पाहिलं. निघाले ते जुन्या फोटोंचे तुकडे. एका फोटोत सहदेव होते, अर्धे. खालचा भाग नुसता राखाडी. नितेशने पैसे घेतले नाहीत. पायऱ्या उतरताना मालनला म्हणाला, "सॉरी मावशी." तिने मान हलवली. त्याचा काय दोष?

सहदेवांना सांगायचं काम सिद्धेशने केलं. खाटेशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा, तुमचा प्रोग्रॅम माझ्याकडून गेला. तुमची सगळी वाक्यंपण गेली." सहदेव ऐकत होते. बटण पुन्हा बोटाखाली ठेवलं होतं, कुठेच न जोडलेलं. बोट त्याच्यावर नुसतं पडून राहिलं.

मृणालिनीचं उत्तर आलं, पण फार उशिरा. ती हॉलंडमध्ये होती, मेल भलत्याच ठिकाणी जाऊन पडला होता. फोनवर ती रडली. प्रोग्रॅमची तिच्याकडची ठेवणीतली प्रत पवई सोडताना गेली होती. "मी पुन्हा बनवते, काकू. नव्या सिस्टीमवर चालेल असं. नोकरी सांभाळून करायचंय, थोडा वेळ लागेल. काकांना सांगा, धीर धरा."

काकांनी धीर धरला. दुसरं करणार तरी काय? दुखणं मात्र धीर धरणारं नव्हतं. मालन रोज सकाळी आंघोळ घालताना त्यांचं ते बोट हातात घ्यायची. आधी ते तिचा हात दाबायचं. मग नुसतं थरथरायचं. मग एक दिवस ते दुसऱ्या बोटांसारखं झालं, गार आणि मऊ. तिने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशीही.

नवा प्रोग्रॅम आला तेव्हा पितृपक्ष लागला होता. गणपतीत त्या वर्षी गाऱ्हाणं कुण्या दुसऱ्यानेच घातलं होतं, लाउडस्पीकरवरून वर ऐकू आलं होतं. सिद्धेशने प्रोग्रॅम बसवला, बटण जोडलं, बाबांचं बोट त्याच्यावर ठेवलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी आल्या. पूर्वीपेक्षा सुंदर, ठसठशीत. उजेड सरकू लागला. पहिल्या ओळीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, शेवटच्यावरून पुन्हा पहिल्या.

सिद्धेशने उजेड सावकाश केला. अजून सावकाश केला. स्वतः बोट धरून दाबून दाखवलं. "असं, बाबा. जरासंच." सहदेवांच्या कपाळावर घाम आला. मालन म्हणाली, "पुरे."

"थांब ना आई, येईल."

"पुरे म्हणते ना. गेलंय ते. कधीचंच गेलंय."

सिद्धेशने आईकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. त्याची कामाची वेळ झाली होती. त्याने प्रोग्रॅम बंद केला, टेबल आपल्याकडे वळवून घेतलं, हेडफोन चढवला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "जी सर, बोला." जेवायला तो आता बाबांकडे पाठ करून बसायचा.

दवाखान्यातल्या बाईंनी दुसरी रीत शिकवली. डोळे मिटले की हो, वर पाहिलं की नाही. अक्षरं हवी असतील तर मालनने मोठ्याने ओळ म्हणायची, क ख ग घ, आणि हव्या अक्षरावर सहदेवांनी डोळे मिटायचे. तिला बाराखडी म्हणताना शाळेतल्यासारखा सूर लागायचा. पहिल्याच दिवशी तिने मनाची तयारी करून ठेवली. रागावतील. शिवी देतील, पूर्वीसारखी सणसणीत. द्यावीच, असं तिला वाटत होतं.

डोळे मिटले ते "प"वर. मग काना. मग "ठ".

पाठ. पाठ खाजत होती.

तेव्हापासून तेवढंच. पाठ, पाणी, कूस, माशी. एवढ्यानेच ते दमून जात. आमटीबद्दल काही नाही, पुढाऱ्यांबद्दल काही नाही, तिच्या साडीबद्दल काही नाही. ज्या तोंडाला कधी विसावा नव्हता, ते आता फक्त गरजेपुरतं बोलायचं.

मालनचं देवाशी मात्र पटेना. पूजा सुटली नाही, जपही सुटला नाही, पण निरांजन ओवाळताना नजर मूर्तीच्या पायांवरून वर जायची नाही. उजवा कौल दिलास, गच्च उजवा, आणि हे? अखेर न राहवून तिने गुरवांना फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नवा घालूचा काय, असा इचारलास. घालूक झाला. झिलाची नोकरी रवली मां?"

"राहिली."

"मगे देव खोटो नाय. इचारलास तेचाच उत्तर तेनी दिल्यान."

मालनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "गुरवानू, मी त्यांना विचारलं नव्हतं. तुम्हांला खोटं सांगितलं."

ती वाट पाहत राहिली. प्रायश्चित्त सांगतील, नारळ सांगतील, अभिषेक सांगतील. काहीही करायची तिची तयारी होती.

"ता माका कित्याक सांगतास?" गुरव म्हणाले. "तेंका सांगा."

फोन ठेवून ती हॉलमध्ये आली. दुपार होती. सिद्धेश हेडफोन लावून काम करत होता, कुणाच्यातरी मोडलेल्या गाडीची चौकशी चालली होती. सहदेव जागे होते. मालनने स्टूल ओढलं आणि त्यांच्या तोंडासमोर बसली, त्यांना नीट दिसेल अशी.

"अहो, ऐका. कॉम्प्युटरचं ठरवलं तेव्हा मी तुम्हांला विचारलं नाही. देवाला विचारलं, तुमच्या नावाने. तुम्हांला नाही."

सहदेवांचे डोळे तिच्यावर होते.

"आता विचारते. तेव्हा विचारलं असतं, तर तुम्ही हो म्हणाला असतात का?"

तिने श्वास धरला. डोळे मिटले तर हो. वर गेले तर नाही. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. हो आलं असतं तर तिला रडता आलं असतं, नाही आलं असतं तर पाय धरता आले असते.

सहदेवांनी डोळे मिटले नाहीत. वरही पाहिलं नाही. ते सरळ तिच्याकडे बघत राहिले, पापणी न लववता. कळलं नाही असं नव्हतं. डोकं शाबूत होतं, ते दिसत होतं. ती बघत राहिली, तेही बघत राहिले. उघड्या डोळ्यांना पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं, तरी त्यांनी पापणी मिटली नाही.

मागे सिद्धेश म्हणत होता, "तुमचं म्हणणं मी लिहून घेतलंय, सर."

मालनने कापूस घेतला आणि त्यांचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा. तिच्या बोटांखाली ते आपसूक मिटले. ते उत्तर धरायचं नाही, एवढं तिला कळत होतं. हात काढल्यावर डोळे पुन्हा उघडे होते.

"बरं," ती म्हणाली. "कूस बदलू?"

त्यांनी डोळे मिटले.